बाईंसाठी हिंग

काका माशांना अहोजाहो करायचे. पाण्यात गळ सोडला की तरंगणाऱ्या बुचाकडे बघत हळू आवाजात म्हणायचे, "या. घाई नाही." मासा लागला की त्याला ओल्या हातावर घेऊन ओठातून गळ सोडवायचे, "त्रास दिला, माफ करा," म्हणायचे आणि परत पाण्यात सोडायचे. मग रुमालाला हात पुसून आमच्याकडे वळायचे. "वहिनी, थर्मासमध्ये चहा उरलाय का?"

ते पक्के शाकाहारी होते. केक पुढे केला तर आधी अंड्याची चौकशी करायचे. लागलेला मासा सुटू नये म्हणून गळाला जो उलटा काटा असतो, तो ते गळ आणल्या आणल्या कानशीने घासून काढायचे. "निघून जायची सोय हवी," म्हणायचे. "नाहीतर ती भेट कसली?" मासा धरायचा नसतो, भेटायचा असतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते इतक्या साधेपणाने बोलायचे की ऐकणाऱ्याला आपणच आजवर काहीतरी चुकीचं करत आलोय असं वाटायचं.

त्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर श्रीवर्धनकडच्या एक खाला राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान होतं. समुद्राकाठी वाढलेल्या त्या बाई कित्येक वर्षं सौदीच्या डोंगरातल्या ताइफ गावात बर्फातले मासे खाऊन दिवस काढत होत्या. शुक्रवारी काका गळाच्या दांड्या घेऊन जिना चढायला लागले की त्या दार उघडून उभ्या राहायच्या.

"काय, गावला काय आज?"

"भेटले चार-पाच."

"मग कुठे हायत ते?"

"घरी गेले."

"कोणाच्या घरी?"

"त्यांच्या."

खाला दार लावता लावता म्हणायच्या, "अल्ला, या माणसाला अक्कल दे, नायतर मला तरी सबुरी दे."

आम्ही तिथे कशा पोचलो ते सांगायला हवं. बाबा रियाधमध्ये, अल सुलै भागातल्या एका मोठ्या गोदामाचं काम बघायचे. आखाती युद्धात रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होते आणि तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे होती तो कफील, म्हणजे व्हिसा देणारा अरब मालक, देशाबाहेर निघून गेलेला. भारतात जायचा प्रश्नच नव्हता. ताइफ पश्चिमेला, उंच डोंगरावर. तिथवर स्कड पोचत नाही असं सगळे म्हणायचे, आणि तिथे बाबांचे कॉलेजातले मित्र, म्हणजे काका, होते. बाबांनी आईला आणि मला त्यांच्याकडे पाठवलं आणि स्वतः गोदाम सांभाळायला मागे राहिले. निघताना आई दागिने विसरली, पण खडा हिंगाची पितळी डबी तिने घेतली. "तुझे बाबा तिकडे आले की आमटी लागेल," गाडीत ती म्हणाली. बाबांना हिंगाशिवाय आमटी चालत नाही.

काका मूळचे नाशिकचे. तिकडे पाटबंधारे खात्यात होते, मग इकडे आले. त्यांची बायको नाशिकला शाळेत शिकवायची. एकदा ताइफला येऊन महिनाभर राहिली, एका शुक्रवारी तळ्यावरही गेली, आणि परत जाताना म्हणाली, "तुमचं चालू द्या." तेव्हापासून त्यांचं चालू होतं. आम्ही आलो त्या दिवशी त्यांनी तळमजल्यावरची आपली जागा आम्हाला दिली आणि स्वतः गच्चीवरच्या खोलीत गेले. जेवायला मात्र खाली यायचे.

गॅसच्या भीतीने तेव्हा प्रत्येक घरात एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून हवाबंद केलेली असायची. काकांनीही आपली खोली मोठ्या मेहनतीने हवाबंद केली होती. फक्त त्यांच्या दांड्या खोलीपेक्षा लांब होत्या, म्हणून खिडकीच्या प्लास्टिकला त्यांनी दोन गोल भोकं पाडली होती आणि त्यातून दांड्यांची टोकं बाहेर डोकावत असायची.

"भाऊजी, त्या भोकांतून गॅस येईल की," आई म्हणाली.

"भोकं दांड्यांच्या मापाची आहेत," काका म्हणाले. "गॅसला जागा नाही."

मी तेव्हा बारावीत होते. शाळा बंद होती. मी कोणाशी फार बोलत नसे, आणि बोललेच तर इंग्रजीत. आईला त्याची लाज वाटायची. पहिल्याच संध्याकाळी ती काकांना म्हणाली, "हिला बोलायला आवडत नाही. तुम्ही राग मानू नका." आजवर प्रत्येक पाहुण्याने यावर मला काही ना काही बोलायला लावलं होतं. काकांनी माझ्याकडे नीट बघितलं, नवी दांडी हातात तोलून बघतात तसं.

"उत्तम," ते म्हणाले. "शुक्रवारी माझ्याबरोबर चल. असं माणूस मिळत नाही."

ताइफच्या मागे डोंगर आणखी चढत जातात. उघडे, तपकिरी, झाड नाही. जानेवारीत तिथल्या वाऱ्याने ओठ फुटायचे. त्या डोंगरांच्या घळींमध्ये पावसाचं पाणी अडवायला ठिकठिकाणी छोटे बंधारे घातलेले होते आणि प्रत्येक बंधाऱ्यामागे एक तळं. काही शाळेच्या मैदानाएवढी, काही लग्नाच्या हॉलएवढी. रस्ता संपल्यावर बराच वेळ दगडांवरून गाडी हाकली की वळणामागे एकदम पाणी दिसायचं, कोणीतरी विसरून गेल्यासारखं. या बंधाऱ्यांच्या दरवाजांची देखभाल काकांच्या कंपनीकडे होती. दरवाजांना वंगण घालायला जातो, असं ते ऑफिसात सांगायचे. वंगणाचा डबा पिकअपमध्ये असायचा. तो उघडलेला मी कधी पाहिला नाही.

आईला मला एकटीला पाठवायचं नव्हतं, म्हणून तीही यायची. आम्ही दोघी अबाया घालून खडकावर बसायचो. अंगाखाली सोलापुरी चादर, बाजूला डबा. काका मला दांडी धरायला द्यायचे आणि मराठीत सूचना करायचे. मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. ते पुन्हा मराठीत. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही, आणि बुचाला त्याचं काही नव्हतं. तळ्यात चिलापी मासे पुष्कळ होते, तळहाताएवढे. ते लागायचे, माफी ऐकायचे आणि घरी जायचे.

पण काका खरे जायचे ते बाईंसाठी.

बाई म्हणजे सगळ्यात वरच्या तळ्याच्या लगेच खालच्या तळ्यातली एक जुनी, मोठी कार्प मासळी. कोणी कधी सोडली होती देव जाणे. शेपटीचा एक तुकडा तुटलेला, ओठावर जुना व्रण. काकांना ती वर्षा-दोन वर्षांतून एकदाच भेटायची. गळ सोडवताना त्यांच्याकडे अशी बघायची की त्यांना तिसरीतल्या बाई आठवायच्या, गृहपाठ न केल्यावर चष्म्यावरून बघणाऱ्या. म्हणून नाव बाई. "शुक्रवारी बाईंना भेटून येतो," असं त्यांनी पहिल्यांदा जेवताना सांगितलं तेव्हा आईने वाढता वाढता पळी आमटीत तशीच ठेवली. नाशिकला कळवावं की नाही, यावर ती दोन दिवस विचार करत होती.

आमिष म्हणजे मळलेली कणीक. त्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, थोडा गूळ आणि हिंग. नाशिकला सगळे असंच करतात, काका म्हणायचे. माशाला हिंगाचा वास लांबून कळतो. चिलापींना काहीही चालायचं. बाईंना हिंगाशिवाय चालायचं नाही. काकांनी खजूर घालून बघितला होता, चीज घालून बघितलं होतं, एकदा व्हॅनिला इसेन्स. बाईंनी ढुंकून पाहिलं नव्हतं.

आणि नेमका काकांचा हिंग संपला. बाजारातल्या मलबारी दुकानदाराने हात वर केले. "हिंग जहाज में है," तो म्हणाला. "जहाज किधर है, अल्ला को मालूम."

एरवी काकांनी वाट पाहिली असती. वाट पाहणं हा त्यांचा छंदच होता. पण त्याच सुमाराला डोंगराखाली फौजेचा एक तळ पडला आणि त्याला पाणी लागायला लागलं. कुठल्या तळ्यात पाणी आहे आणि कुठवर टँकर जाऊ शकतो, असं काकांच्या साहेबाने त्यांना विचारलं. खालांना ते दर शुक्रवारी तोंडावर चकवत असत, पण पाण्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी बाईंचं तळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर लागले.

"तळं आटतंय," काका त्या रात्री जेवताना म्हणाले. "वरच्या तळ्यावर टँकर चढत नाही. बाईंना तिथे हलवायला पाहिजे. त्यासाठी त्या गळाला यायला हव्यात. त्यासाठी हिंग." मग ताटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे एखादा खडा असेल का?"

आई क्षणभरही थांबली नाही. "संपला हो, भाऊजी. रियाधलाच संपला."

मी पाणी प्यायले.

काही वेळाने खाला जिन्यात भेटल्या. सगळी हकीकत ऐकून म्हणाल्या, "त्यात काय? माझ्या भावाला सांगते, जिद्द्याच्या बंदरातून जाळं आणील. एका फेकीत तुमच्या बाई हातात."

काकांचा चेहरा उतरला. "जाळं म्हणजे धाड," ते म्हणाले. "ते पोलिसांचं काम. बाईंनी आपणहून यायला हवं."

एकदा हिंग संपला म्हटल्यावर आईला तो वापरताही येईना. फोडणीत नुसती मोहरी आणि हळद. आमटी गरम पाण्यासारखी लागायची. काका पहिला घास घेऊन म्हणायचे, "वा." रोज तेवढंच, त्याच सुरात. आईला ते फार लागायचं. डबी तिने स्वयंपाकघरातून हलवली. काका मीठ शोधायला कधीही कपाट उघडायचे, त्यामुळे जिथे कोणीच हात घालणार नाही अशी एकच जागा होती. बाबांच्या कंपनीने दिलेले गॅसचे मास्क खाकी पिशव्यांत घालून खुंटीला टांगलेले असायचे. आपल्या मास्कच्या पिशवीत तिने डबी ठेवली. मी गादीवर पुस्तक वाचत होते. तिने माझ्याकडे बघितलं, मी पान उलटलं.

मास्कबरोबर एक इंग्रजी कागद आला होता. तो मीच आईला वाचून दाखवला होता. त्यात लिहिलं होतं की लसणासारखा वास आला तर मस्टर्ड गॅस समजावा.

"म्हणजे मोहरीचा गॅस," आई म्हणाली, "आणि वास लसणाचा. फोडणी करून पाठवतायत की काय?" हसली, पण तेवढं एक तिने पक्कं लक्षात ठेवलं.

ताइफवर स्कड कधी पडलं नाही. भोंगा मात्र वाजायचा. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, तो वाजला. तळमजल्यावरची आमची खोली सगळ्यात नीट बंद केलेली, म्हणून सगळे तिथे यायचे. खाला आणि त्यांचा नवरा आले. काका गच्चीवरून उतरले, हातात एक दांडी. "गाठ अर्धी मारून झाली होती," म्हणाले. "सोडली असती तर उकलली असती."

आईने मास्क चढवला, मी माझा. खालांकडे मास्क नव्हता. त्यांनी नाकावर ओला टॉवेल धरला. काकांनी आपला मास्क डोक्यावर टोपीसारखा ठेवला आणि गाठ पुरी करायला लागले. बाहेर भोंगा चढत होता, उतरत होता. मग आईने माझं मनगट पकडलं. नखं रुतली. काचेमागे तिचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"लसूण," आतून घुमत आवाज आला.

"काय म्हणाल्या?" काका म्हणाले.

"लसणाचा वास. गॅस आलाय. गॅस आत आलाय."

खालांच्या नवऱ्याने मोठ्याने कलमा म्हणायला सुरुवात केली. खालांनी आपला टॉवेल काढून त्याच्या तोंडावर दाबला, त्यामुळे कलमाही अर्धवट ऐकू यायला लागला. काकांनी मान वर करून दोन-तीनदा हुंगलं.

"मला नाही येत, वहिनी."

"तुम्हाला काय येणार? तुमचं नाक त्या कणकेने कधीच गेलंय," आई आतून ओरडली. ती मास्क काढेना, कारण बाहेर गॅस. आणि जितका श्वास घ्यावा तितका आतला वास वाढत चाललेला. "तुझ्या बाबांना सांग," ती मला म्हणायला लागली, "त्यांना सांग की मी..." आणि रडायलाच लागली.

मी माझा मास्क काढला. खोलीत परके लोक होते आणि सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे होतं.

"आई, हिंग आहे," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, आणि ते ओरडण्यासारखं निघालं. "आई, तो हिंग आहे. तू मास्कच्या पिशवीत डबी ठेवलीयस."

त्याच वेळी भोंगा थांबला. कलमाही थांबला.

खालांनी टॉवेल हळूहळू खाली घेतला. "म्हणजे गॅस नाय," त्या म्हणाल्या, "फोडणी आली."

आईने मास्क काढला. केस विस्कटलेले, गाल ओले, नाक लाल. ती कोणाकडेच बघत नव्हती. काका छताच्या कोपऱ्यातल्या चिकटपट्टीकडे लक्ष देऊन बघत होते.

"रबराला बुरशी धरते," ते म्हणाले. "हिंग ठेवला तर धरत नाही. चांगला उपाय आहे, वहिनी."

"हो," आई म्हणाली. "बुरशीसाठीच ठेवला होता."

जेवायच्या वेळी तिने डबी काकांच्या ताटाशेजारी ठेवली. "घ्या. पण कणीक माझ्यासमोर मळायची. माझा हिंग कुठे जातो ते मला बघायचंय."

काकांनी डबी दोन्ही हातांनी उचलली.

शुक्रवारी पिकअपमागे पाण्याने भरलेला निळा ड्रम बांधून निघालो. वाटेत आता फौजेची चौकी होती, आणि तिथे बायकांना परक्या पुरुषाबरोबर फिरायची बंदी, म्हणून काकांनी आधीच समजावलं. "चौकीवर विचारलं तर मी हिचा मामा. वहिनी, तुम्ही माझी बहीण."

"मग मी भाऊजी कसं म्हणू?"

"त्या शिपायाला मराठी येत नाही, वहिनी."

"तरीपण," आई म्हणाली, आणि चौकी जाईपर्यंत तिने त्यांना कशानेच हाक मारली नाही.

तळ्यावर पोचलो तर तळं नव्हतं. चिखलाची रुंद कड, आणि मधोमध एका खोलीएवढं गढूळ पाणी, घोट्याच्या वरपर्यंत. काठाला टँकर उभा, जाड पाइप पाण्यात सोडलेला. पठाण ड्रायव्हर दगडांच्या चुलीवर चहा करत होता.

"इंजीनियर साब, आज आख़िरी फेरा है," तो म्हणाला. "इसके बाद कीचड़ है."

काकांनी त्याला थांबायची विनंती केली. कशासाठी ते सांगितलं. पठाणाने त्यांच्याकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं, आमच्या दिशेने न बघता दाढीवरून हात फिरवला. "चाय पी लेता हूँ," म्हणाला. "चाय ख़त्म, पानी ख़त्म."

काकांनी कणीक मळली. हिंगाचा वास त्या थंड हवेत एवढा पसरला की पठाणाने आपला चहा हुंगून बघितला. पहिली गोळी पाण्यात पडली आणि चिलापींनी तिचा फडशा पाडला. दुसरीही. तिसरीही. तेवढ्या पाण्यात सगळ्या तळ्याचे चिलापी जमा झालेले. ते हिंगाची कणीक अशी खात होते जशी बुंदीची पंगत बसलीय. आई प्रत्येक गोळीबरोबर उसासा टाकत होती.

बाई दिसत होत्या. पाण्याबाहेर आलेली तपकिरी पाठ, तुटकी शेपूट. तोंड चिखलात, कल्ले जोरात हलत होते. गोळी त्यांच्या नाकासमोर पडली, तरी त्या हलल्या नाहीत.

"बाईंचा मूड नाही," काका म्हणाले. "या, बाई. घाई नाही." पण स्वतः घाईघाईने पुढची गोळी वळायला लागले.

"भाऊजी," आई म्हणाली, "त्या तिथे आहेत."

"हो."

"चार पावलांवर."

"हो."

"मग उचला की."

काका वळले. आईने काही अभद्र बोलावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "उचला? बाईंना? वहिनी, मी आजवर एकाही माशाला जबरदस्तीने..."

"त्यांना श्वास घ्यायला पाणी नाही. त्या तुमच्याकडे काय चालत येतायत?"

"त्यांनी आपणहून यायला हवं."

पठाणाने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि पेला दगडावर आपटून झटकला.

"शाळेला आग लागली," आई म्हणाली, "तर बाईंना हात धरून बाहेर काढाल की फळ्यासमोर उभे राहून त्या आपणहून येतात का बघाल?"

 काकांनी दांडी चिखलात आडवी ठेवली. एरवी ते दांडी कधी जमिनीला टेकवत नसत. खडकावर बसून बूट काढले, मोज्यांच्या घड्या करून बुटांत ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आईने अंगाखालची सोलापुरी चादर ओढून काढली आणि पुढे केली. "ओली करून घ्या."

ते पाण्यात शिरले. पोटऱ्यांपर्यंत रुतले. "बाई, माफ करा," मोठ्याने म्हणत होते, "बाई, माझा नाइलाज आहे." चादर टाकली आणि बाईंनी शेपटीचा असा फटका मारला की काका पाठीवर पडले. क्षणभर चादर, काका आणि बाई यातलं कोण कुठे आहे ते कळेना. "साब, पकड़ो, पकड़ो," म्हणत पठाण धावला. मी कधी धावले ते मला आठवत नाही. अबाया कमरेपर्यंत चिखलात, आणि माझ्या दोन्ही मुठींत चादरीचं एक टोक होतं. चादरीत वजन होतं. दमलेल्या माणसासारखं ते आत कूस बदलत होतं. तिघांनी मिळून बाईंना ड्रमपर्यंत नेलं. काका वाटभर त्यांना समजावत होते की हे तात्पुरतं आहे.

वरच्या तळ्याच्या वाटेवर पुन्हा एक शिपाई. युद्धाच्या दिवसांत निळा ड्रम म्हणजे त्याला उघडून बघणं भागच होतं. त्याने झाकण उचललं, मान आत घातली आणि तशीच बाहेर काढली. मग डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेल्या काकांना विचारलं, "समक?" मासा आहे का.

"मरीदा," काका गंभीरपणे म्हणाले. आजारी आहे. "मुस्तश्फा." दवाखान्यात नेतोय.

शिपायाने पुन्हा एकदा ड्रममध्ये बघितलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं असावं, कारण त्याने झाकण फार हळू ठेवलं. "यल्ला," म्हणत त्याने निघायची खूण केली, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत हात वर करून उभा राहिला.

वरच्या तळ्यात पाणी निळं होतं आणि इतकं गार की हात बधिर झाले. काकांनी चादर पाण्यात सोडली आणि दोन टोकं मोकळी केली. बाई थोडा वेळ तशाच थांबल्या. मग त्या खाली गेल्या.

काकांनी दांडी गाडीतच ठेवली होती. मी आणू का विचारलं, मराठीत, तर त्यांनी मान हलवली. "आता इथे गळ टाकायचा नाही. मी त्यांना चादरीत गुंडाळलंय. कुठल्या तोंडाने टाकू?"

हातात उरलेली कणीक होती. तिचा एक चिमटा काढून त्यांनी पाण्यात टाकला. बिनगळाचं आमिष मी त्यांच्या हातून पहिल्यांदाच पाहत होते.

"एवढंसं काय टाकता?" आई म्हणाली. "सगळं टाका. डबी तर रिकामीच झालीय."

त्यांनी सगळं टाकलं.

संध्याकाळी खाला दारात उभ्या होत्या. चिखल बघून त्यांचे डोळे चमकले. "आज तरी गावला काय?"

"भेटल्या," काका म्हणाले. "नव्या घरी पोचवून आलो."

 खालांची नजर माझ्या हातातल्या ओल्या चादरीवर गेली. त्या वाकल्या, वास घेतला आणि डोळे मिटले. "चादर तरी द्या," त्या म्हणाल्या. "मी धुऊन देते." ती त्यांनी तीन दिवस धुतली नाही.

युद्ध संपलं आणि बाबा आम्हाला न्यायला आले. बारीक झालेले, दाढी वाढलेली. आल्या आल्या ते झोपले. आई स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने सगळ्या घरभर तो वास आला. मी आत गेले. आईने मास्कच्या पिशवीतून कागदाची एक छोटी पुडी काढून ओट्यावर ठेवली होती. माझ्याकडे बघितलं. मी ताटं घ्यायला वळले.

काका जेवायला खाली आले. त्यांनी आमटीचा पहिला घोट घेतला आणि वाटी तोंडाशी तशीच धरून थांबले. वाटीच्या कडेवरून त्यांनी आईकडे बघितलं. आई बाबांना भात वाढत होती, फार लक्ष देऊन.

"वा," काका म्हणाले, रोजच्याच सुरात, आणि वाटी पुढे केली.